पाऊ कासाल्स : वाजवणं आणि न वाजवणं



१९४५ साली युरोपातलं महायुद्ध संपलं तेव्हा पाऊ कासाल्स ६८ वर्षांचे होते. चेलो या वाद्यात त्यांच्या शेजारी ठेवावं असं नाव त्या काळी जगात नव्हतं. युद्धामुळे पडलेल्या खंडानंतर ते इंग्लंडला गेले, मैफलींना तुडुंब गर्दी झाली, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनी सन्माननीय पदवी देऊ केली. त्यांनी दोन्ही पदव्या नाकारल्या, दक्षिण फ्रान्समधल्या प्राद या लहानशा गावी परतले आणि कळवून टाकलं, की स्पेनमध्ये लोकशाही येत नाही तोवर आपण जाहीर मैफल करणार नाही.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला हे ऐकून धसका बसतो. लेखक लिहून ठेवू शकतो, चित्रकाराचं चित्र थांबून राहतं. वादकाची कला मात्र त्याच्या बोटांइतकीच टिकते, आणि सत्तरीला आलेल्या बोटांना किती दिवस उरलेत हे कुणाला माहीत? अशा वेळी कुणी आपणहून गज खाली ठेवतो, आणि तोही स्वतःच्या कुठल्या अपमानासाठी नाही, हे कसं समजून घ्यायचं?

कासाल्स यांच्यावर लिहिणारे बहुधा दोन कासाल्स उभे करतात. एक संगीतकार बाखचे भाष्यकार, दुसरे स्पेनमधल्या फ्रँकोच्या हुकूमशाहीचे विरोधक. पहिल्यांबद्दल संगीतसमीक्षक लिहितात, दुसऱ्यांबद्दल इतिहासकार. मला ही वाटणी पटत नाही. चालत आलेली गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय घ्यायची नाही, आणि तपासून नापसंत ठरली तर कितीही नुकसान झालं तरी तिला होकार द्यायचा नाही, ही त्यांची खोड लहानपणची होती. तीच आधी त्यांच्या गजात उतरली आणि पुढे त्यांच्या मौनात. आज मला एवढंच मांडायचं आहे.

चेलोची ओळख थोडक्यात करून देतो. व्हायोलिनच्याच कुळातलं हे मोठं वाद्य. वादक खुर्चीवर बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो, खालची लोखंडी दांडी जमिनीवर टेकलेली असते. तारा चार. खर्जापासून वर बाईमाणसाच्या आवाजापर्यंत त्याची मजल जाते, आणि माणसाच्या गळ्याला इतकं जवळचं गजाचं वाद्य पाश्चात्त्य संगीतात दुसरं नाही. आपण ते ऐकलेलं असतं, फक्त नावानं ओळखलेलं नसतं. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत व्हायोलिनांच्या ताफ्याखालून जो भरदार, ओलसर आवाज वाहतो तो चेलोचा. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती हे स्वतः चेलोवादक होते.

पाऊचा जन्म २९ डिसेंबर १८७६ चा, स्पेनच्या कॅटलोनियातल्या एल वेंद्रेल या गावी. वडील कार्लेस गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत, गायनवृंद सांभाळत. मुलगा चालता-बोलता झाला तशी पेटीवर बोटं ठेवू लागला. पियानो, व्हायोलिन, ऑर्गन हे सगळं त्यानं वडिलांकडून उचललं. गोव्याच्या माणसाला हे घर ओळखीचं वाटेल. आपल्याकडेही चर्चच्या शाळांतून संगीतशिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं, आणि त्यातूनच मुंबईचे चित्रपटवाद्यवृंद उभे राहिले. माजोर्ड्याच्या कॉयरमास्तरांचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस हे त्याच परंपरेतले.

एकदा गावात फिरते वादक आले. घरगुती वस्तूंपासून केलेली वाद्यं वाजवून ते लोकांची करमणूक करत. त्यातलं एक तारेचं वाद्य पोराच्या डोक्यात बसलं. त्यानं वर्णन केलं आणि वडिलांनी वाळलेल्या भोपळ्याचं, एका तारेचं वाद्य त्याला करवून दिलं. तंबोरा आणि वीणा घरात पाहिलेल्या आपल्या लोकांना त्याचं नवल वाटणार नाही, पण युरोपातल्या एका महान वादकाचं पहिलं गजवाद्य भोपळ्याचं असावं याचा मला फार आनंद वाटतो. खरा चेलो त्यानं ऐकला तो ११ वर्षांचा असताना. बार्सिलोनाहून तीन वादक गावात आले होते, त्यांत जोसेप गार्सिया हे चेलोवादक होते. मुलानं हट्ट धरला: हेच शिकायचं.

वडिलांचा विचार वेगळा होता. संगीतावर पोट भरत नाही हे त्यांनी अनुभवलं होतं. त्यांना पोराला सुताराकडे उमेदवारीला लावायचं होतं. आई, पिलार, ऐकेना. ही बाई प्वेर्तो रिकोत कॅटलान कुटुंबात जन्मलेली, आणि विलक्षण ठाम. पुढे धाकट्या मुलाला, एन्रिकला, सक्तीच्या लष्करी भरतीचं बोलावणं आलं तेव्हा तिनं त्याला सांगितलं, की तुला कुणाला मारायचं नाही आणि कुणाच्या हातून मरायचंही नाही, देश सोडून जा. तो अर्जेंटिनाला गेला. स्वतःच्या आठवणींत कासाल्स हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यात आईचं कौतुक तर आहेच, पण त्याहून जास्त काही आहे. कायदा आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यांना घरात कळलं होतं.

१८८८ साली पाऊ बार्सिलोनाच्या नगरपालिकेच्या संगीतशाळेत गार्सियांकडे शिकू लागला. त्या वेळी चेलो शिकवण्याची रीत अशी, की उजव्या काखेत पुस्तक धरायचं आणि ते पडू न देता गज चालवायचा. कोपर अंगाला चिकटलेलं, हालचाल फक्त मनगटाची. डाव्या हाताचंही तसंच. बोटं एकमेकांना चिकटून, प्रत्येक दोन-तीन सुरांना सगळा हात तारेवरून वर-खाली सरकवायचा. प्रत्येक सरकण्याबरोबर नको असलेला घसरा ऐकू यायचा. मुलाला हे कृत्रिम वाटलं. त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं, कोपर मोकळं सोडलं, आणि डाव्या हाताचा पंजा उघडून बोटांना लांबवर पोचायला शिकवलं. गुरुजी आधी चमकले, मग त्यांनी मान्य केलं. आज जगातला कुठलाही चेलोवादक पाहा, त्याचा उजवा हात मोकळा दिसतो. ते इतकं स्वाभाविक वाटतं, की कधी काळी ते बंड होतं हे लक्षातही येत नाही.

पण हाताच्या मोकळेपणापेक्षा मला त्यांच्या सुराबद्दल बोलायचं आहे, कारण हा भाग आपल्या श्रोत्यांना युरोपीय श्रोत्यांपेक्षाही चटकन समजेल. पियानोवर सप्तकाचे बारा सूर समान अंतरावर पक्के बसवलेले असतात, आपल्या पेटीसारखे. चेलोला पडदे नाहीत, बोट कुठेही ठेवता येतं. कासाल्स यांचं म्हणणं असं, की सूर एका जागी खिळलेला नसतो. तो कुठून आला आणि कुठे निघाला आहे यावर त्याची जागा ठरते. वरच्या षड्जाकडे निघालेला निषाद त्यांच्या हातून पियानोच्या निषादापेक्षा किंचित चढा लागतो, कारण त्याला षड्जाची ओढ असते. खाली उतरणारा सूर किंचित उतरा. विद्यार्थ्यांना ते सांगत, की पियानोच्या सुराला घाबरू नका. दरबारीचा गंधार पेटीवर सापडत नाही हे आपल्याकडे नवख्या विद्यार्थ्यालाही सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे मात्र शंभरेक वर्षांपूर्वी हे मत धाडसाचं होतं. आपली आणि त्यांची कारणं एक नाहीत; आपला सूर रागाच्या स्वभावानं हलतो, त्यांचा संवादी सुरांच्या इमारतीतल्या वजनानं. तरीही ज्या कानाला श्रुतींची सवय आहे तो कान कासाल्स यांच्याजवळ लवकर पोचतो, असा माझा अनुभव आहे.

शिकत असतानाच पोटासाठी तो ग्रासिया भागातल्या काफे तोस्तमध्ये तिघांच्या ताफ्यात वाजवायचा. लोक कॉफी पीत, गप्पा मारत, आणि हा कोपऱ्यात चालू गाणी वाजवणार. काही दिवसांनी त्यानं मालकाला पटवलं, की आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त अभिजात संगीताची असू दे. त्या संध्याकाळी गर्दी वाढू लागली. संगीतकार इसाक आल्बेनिस यांनी त्याला तिथंच ऐकलं आणि माद्रिदच्या दरबारातल्या काउंट मॉर्फींच्या नावे चिठ्ठी दिली.

आणि १८९० साली बार्सिलोनाच्या बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात, वडिलांबरोबर स्वरलिपीची पुस्तकं चाळताना, बाखच्या चेलोसाठीच्या सहा सुइट्सची, म्हणजे नाचांच्या चालींवरच्या रचनामालिकांची, प्रत त्याच्या हाती लागली. तो १३ वर्षांचा होता. असं काही अस्तित्वात आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

या सहा रचना बाखनं १७२० च्या सुमारास, कोथेनला असताना लिहिल्या. त्याच्या हातची मूळ प्रत हरवली. बायको आना माग्दालेनानं केलेली नक्कल उरली. दीडशे वर्षांहून जास्त काळ या सुइट्स म्हणजे हात तयार करायचे धडे, असंच लोक धरून चालले होते. एखादा तुकडा कुणी मैफलीत वाजवला तर बरोबर पियानोची साथ जोडून. एकट्या चेलोवर, दुसऱ्या कुणाचा आधार न घेता, पूर्ण सुइट मांडता येईल आणि ती ऐकायला लोक बसतील, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. पाऊनं ती प्रत घरी नेली आणि पुढची बारा वर्षं रोज तिच्यावर रियाज केला. त्यानंतर कुठे पंचविशीत त्यांनी एक अख्खी सुइट लोकांपुढे वाजवली.

बारा वर्षं! आपल्या घराण्यांतले बुजुर्ग एकाच रागावर वर्ष-वर्ष घालवत, त्याच जातीची ही गोष्ट आहे. पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. त्या बुजुर्गांना समोर गुरू होता. या मुलाला या रचना कशा वाजवायच्या हे सांगणारं जगात कुणीच नव्हतं. त्यानं स्वतःच प्रश्न विचारले, स्वतःच उत्तरं शोधली. यातला नाच कुठे आहे? एकाच ओळीतून बाख दोन-तीन आवाज सुचवतो, ते वेगळे कसे ऐकवायचे? गज कुठे उचलायचा? आजचे अभ्यासक त्यांची काही उत्तरं मान्य करत नाहीत. बाखच्या काळातल्या वादनपद्धतीचा अभ्यास पुढे गेला, आता इतका भावभरला बाख पुष्कळांना जड वाटतो. वाटू दे. पण ज्या वाङ्मयावर हा वाद चालला आहे ते मंचावर आणलं या माणसानं.

माद्रिदमध्ये राणी मारिया क्रिस्तिनानं त्याला विद्यावेतन दिलं. १८९५ साली शिफारसपत्र घेऊन तो ब्रसेल्सच्या संगीतविद्यालयात पोचला. तिथल्या चेलोच्या प्राध्यापकांनी या बुटक्या स्पॅनिश मुलाची वर्गासमोर टर उडवली. कुठकुठल्या रचना येतात असं विचारलं, सगळ्या येतात म्हटल्यावर वर्ग हसला. मग त्यानं वाजवून दाखवलं. प्राध्यापकांनी बाजूला घेऊन सांगितलं, की माझ्या वर्गात ये, यंदाचं पहिलं बक्षीस तुझं. तो म्हणाला, तुम्ही माझी चेष्टा केलीत, मला इथे क्षणभरही राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी आई आणि भावंडांसह पॅरिस गाठलं. विद्यावेतन बंद झालं. पॅरिसमध्ये एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात दुय्यम चेलोवादकाची नोकरी, ट्रामचे पैसे वाचवायला वाद्य घेऊन पायपीट, आईचं शिवणकाम. एक दिवस आई घरी आली तेव्हा तिचे लांब केस कापलेले होते. तिनं ते विकले होते. १८ वर्षांच्या मुलाच्या एका नकाराची ही किंमत त्या घरानं मोजली, आणि आईनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

१८९९ साली पॅरिसला लामूरो यांच्या वाद्यवृंदाबरोबर लालोचा कन्चेर्तो वाजवला आणि चक्र फिरलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर, १९०४ साली व्हाइट हाउसमध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर वादन झालं. आल्फ्रेद कोर्तो पियानोवर, जाक तिबो व्हायोलिनवर आणि कासाल्स चेलोवर हा त्रिवेणी ताफा तर दंतकथाच बनला. दौरे, पैसा, कीर्ती. या वर्षांवर मी रेंगाळत नाही, कुठल्याही चरित्रात ती सापडतील. एकच गोष्ट सांगतो. १९०१ साली अमेरिकेत तामालपाइस डोंगरावर फिरताना एक दगड घरंगळत आला आणि त्यांचा डावा हात ठेचला. रक्ताळलेली बोटं बघून त्यांच्या मनात पहिला विचार आला: बरं झालं, आता चेलो वाजवावा लागणार नाही. मंचावर जाण्याची भीती त्यांना जन्मभर सोडून गेली नाही. म्हणजे ज्या मंचाचा त्यांनी पुढे त्याग केला तो त्यांना सहज सुखाचा कधीच नव्हता; तिथे उभं राहणं हेच रोजचं ओझं होतं. त्यामुळे मौन सोपं गेलं असेल, असा तर्क कुणी करेल. मला उलट वाटतं. भीती रोज ओलांडून जे मिळवलं ते सोडणं अधिक अवघड असतं.

१९२० मध्ये त्यांनी बार्सिलोनात स्वतःचा वाद्यवृंद काढला. सुरुवातीची तूट वर्षानुवर्षं स्वतःच्या दौऱ्यांच्या कमाईतून भरली. १९२६ मध्ये कामगारांची मैफल-संघटना उभी राहिली. ठराविक रकमेहून कमी पगार असणाऱ्यांनाच तिचं सदस्यत्व, वर्गणी नाममात्र, आणि मैफली रविवारी सकाळी. दान म्हणून फुकट तिकिटं वाटायला कासाल्स तयार नव्हते. कामगारानं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या संघटनेचा सभासद म्हणून यावं असा आग्रह होता. १९३१ साली राजा गेला, प्रजासत्ताक आलं. ज्या राणीनं शिकवलं तिच्याबद्दलची कृतज्ञता त्यांनी कधी लपवली नाही, पण मन प्रजासत्ताकाच्या बाजूनं होतं आणि तेही लपवलं नाही.

१८ जुलै १९३६. बार्सिलोनात बेथोवनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू होती. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, बर्लिनच्या हिटलरी ऑलिंपिकला उत्तर म्हणून भरणाऱ्या लोक-ऑलिंपियाडसाठी. शेवटचा, गायनवृंदाचा भाग सुरू होणार इतक्यात निरोप आला: लष्करानं उठाव केला आहे, तालीम थांबवा, सगळ्यांनी घरी जा. कासाल्स यांनी चिठ्ठी वाचून दाखवली आणि विचारलं, आपण पुन्हा कधी भेटू सांगता येत नाही, निरोप घेण्याआधी हे पूर्ण करायचं का? सगळे हो म्हणाले. बाहेर रस्त्यात अडथळे उभे राहत होते आणि आत माणसांच्या बंधुभावाचं ते गाणं शेवटपर्यंत गायलं गेलं.

चार महिन्यांनी, नोव्हेंबर १९३६ मध्ये, ते लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बाखच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सुइटचं ध्वनिमुद्रण करत होते. एचएमव्हीच्या ज्या फ्रेड गाइसबर्ग यांनी त्यांना या कामाला राजी केलं, तेच १९०२ साली कलकत्त्यात येऊन गौहर जान यांचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर घेऊन गेले होते. देश यादवी युद्धात जळत असताना कासाल्स जगभर मैफली करत होते आणि पैसा दवाखान्यांना, अनाथ मुलांना पाठवत होते. उठाव करणाऱ्या फ्रँकोच्या बाजूच्या एका सेनापतीनं रेडिओवरून धमकी दिली, की हा हाती लागला तर कोपरापासून हात तोडू.

जानेवारी १९३९ मध्ये फ्रँकोच्या सैन्यापुढे बार्सिलोना पडलं. जवळपास पाच लाख माणसं थंडीत पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये शिरली आणि फ्रान्सनं त्यांना समुद्रकाठच्या वाळूत, काटेरी तारांमागे ठेवलं. आर्जेलेस, सँ-सिप्रियाँ. कासाल्स प्रादमध्ये राहिले, कारण तो सीमेलगतचा मुलूख भाषेनं कॅटलानच आहे. त्यांनी मालमोटारी भाड्यानं घेऊन छावण्यांत औषधं, कपडे, अन्न नेलं. जगभरच्या ओळखीच्यांना मदतीसाठी स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. माणसांची नावं, त्यांच्या गरजा, आलेल्या पैशाचा हिशेब. आयुष्यभर गज धरलेला हात वर्षानुवर्षं हे कारकुनी काम करत होता. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग फार मोलाचा वाटतो, आणि त्याच्यावर सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे.

जर्मन ताबा आला. एक दिवस काही अधिकारी घरी आले, अतिशय अदबीनं बोलले. बर्लिनला या, खास आगगाडीचा डबा देतो. कासाल्स नाही म्हणाले. मग इथेच काही वाजवा. खांदा धरला आहे, म्हणाले. मग वाद्य तरी बघू द्या. त्यांच्यातल्या एकानं चेलोला हात लावला, आणि तो स्पर्श बघून आपल्याला ढवळून आलं, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे.

म्हणजे १९४५ चा निर्णय आभाळातून पडला नाही. हिटलर गेला, मुसोलिनी गेला, आता फ्रँको जाईल, मित्रराष्ट्रं आपला शब्द पाळतील, या विश्वासावर ते इंग्लंडला गेले होते. काही महिन्यांत कळलं की तसं काही होणार नाही. तेव्हा मजूर सरकारातले स्टॅफर्ड क्रिप्स यांनी भेटायची इच्छा दर्शवली. हे तेच क्रिप्स, ज्यांना १९४२ साली आपण दिल्लीत पाहिलं होतं. कासाल्स यांनी भेट नाकारली. ते राजकारणाबद्दल बोलणार आणि मी तत्त्वाबद्दल, मग बोलणं होणार कसं, असा त्यांचा सवाल होता.

या मौनाचा उपयोग काय झाला? हा प्रश्न सरळ विचारला पाहिजे. फ्रँकोचं काही बिघडलं नाही. १९५३ मध्ये अमेरिकेनं त्याच्याशी करार करून लष्करी तळ घेतले, १९५५ मध्ये स्पेन संयुक्त राष्ट्रसंघात आला. एका म्हाताऱ्या वादकानं वाजवणं थांबवलं म्हणून हुकूमशहा पडत नसतो, हे कासाल्स यांनाही ठाऊक होतं. मग मला वाटतं उपयोगाचा हिशेब दुसरीकडे मांडावा लागेल. सगळं सुरळीत झालं असं दाखवायला सरकारांना कलावंत लागतात. मैफली पूर्ववत सुरू झाल्या, म्हणजे जग पूर्ववत झालं. या देखाव्याला आपला सूर द्यायचा नाही, इतकंच त्यांच्या हातात होतं आणि तेवढं त्यांनी केलं. लोकांना अडचण व्हावी इतकं मोठं ते नाव होतं. ते मौन दर वर्षी कुणीतरी आठवत होतं, आणि आठवलं की स्पेनचं नाव निघत होतं.

आणि मौन मंचापुरतं होतं. रोज सकाळी उठून पियानोवर बाखचे दोन प्रेल्यूड आणि फ्यूग, मग चेलोचा रियाज, मग विद्यार्थी. युद्धकाळात निर्वासित कवी जोआन आलावेद्रा यांच्या ख्रिस्तजन्मावरच्या कवितेला ते संगीत देत होते. ते पुढे ‘एल पेसेब्रे’ या नावानं १९६० साली पुरं होऊन लोकांपुढे आलं.

१९५० हे बाखच्या मृत्यूचं द्विशताब्दी वर्ष. व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी अमेरिकेतून तगादा लावला, की तुम्ही जगाकडे येत नाही तर जग तुमच्याकडे येईल. आणि खरोखरच रुडॉल्फ सेर्किन, आयझॅक स्टर्न, जोसेफ सिगेती, क्लारा हास्किल अशी माणसं त्या डोंगराळ गावात गोळा झाली. गावच्या चर्चमध्ये मैफली झाल्या. ७३ व्या वर्षी कासाल्स पुन्हा लोकांसमोर बसले. प्रतिज्ञा मोडली का? काहींना तसं वाटलं. मी असं म्हणेन, की त्यांनी जागा बदलली. कुठल्या सरकारच्या राजधानीत न जाता, आपल्याच लोकांच्या सीमेवर, निर्वासितांमध्ये त्यांनी वाजवलं.

कोर्तोची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि ती टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. कासाल्स प्रादमध्ये छावण्यांना पत्रं लिहीत होते तेव्हा त्यांचा जुना सोबती कोर्तो जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारात कलाखात्याचा मोठा अधिकारी होता, जर्मनीत जाऊन वाजवतही होता. युद्धानंतर तो भेटायला आला. त्यानं काही नाकारलं नाही, सारवासारव केली नाही. खरं बोललास म्हणून मी तुला क्षमा करतो, असं आपण म्हणालो, ही कासाल्स यांची आठवण. तिबो १९५३ मध्ये विमान अपघातात गेले. १९५८ साली प्रादच्या महोत्सवात उरलेले दोघे म्हातारे एकत्र बसले आणि बेथोवन वाजवला. सरकारांना जो माणूस सवलत देत नव्हता, त्यानं मित्राला ती दिली. मला यात विसंगती दिसत नाही. कोर्तोनं चूक कबूल केली होती. लंडन-वॉशिंग्टननं केली नव्हती.

फ्रँकोच्या स्पेनमध्ये ते फक्त एकदा गेले, जानेवारी १९५५ मध्ये, निर्वासित आयुष्यभर सोबत केलेल्या फ्रांसेस्का विदाल यांचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे वेंद्रेलच्या मातीत ठेवायला. त्यानंतर आईच्या जन्मभूमीत, प्वेर्तो रिकोत, ते स्थायिक झाले. १९५७ मध्ये तिथे महोत्सव सुरू केला, हृदयविकाराच्या झटक्यातून उठले, आणि ८० व्या वर्षी मार्ता मोन्तान्येस या आपल्या तरुण शिष्येशी लग्न केलं.

१३ नोव्हेंबर १९६१ ला व्हाइट हाउसमध्ये केनेडींसमोर त्यांनी वाजवलं. फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशात वाजवायचं नाही असा त्यांचा नियम होता आणि अमेरिका तसाच देश, म्हणजे हा उघड अपवाद. तो मला थोडा खटकतो. केनेडींबद्दल त्यांना वाटणारी आशा पुढे स्पेनच्या बाबतीत फळली नाही. पण लपूनछपून काही नव्हतं. मैफलीआधीच्या भेटीत त्यांनी अध्यक्षांपुढे स्पेनचाच विषय काढला होता. १९०४ साली वडिलांच्या घरात त्यांना ऐकलेल्या रूझवेल्टकन्या ॲलिस या मैफलीलाही हजर होत्या.

२४ ऑक्टोबर १९७१ ला ते संयुक्त राष्ट्रसंघात उभे राहिले. वय ९४. कवी ऑडेन यांच्या शब्दांना त्यांनी चाल दिलेलं गीत गायलं गेलं, शांतता-पदक मिळालं. त्यांनी सांगितलं, की मी कॅटलान आहे, माझ्या देशानं ११ व्या शतकात युद्धाविरुद्ध सभा भरवल्या होत्या. मग ‘पक्ष्यांचं गाणं’ ही नाताळची जुनी कॅटलान चाल चेलोवर वाजवली. निर्वासनापासून बहुतेक प्रत्येक मैफलीच्या शेवटी ते हीच चाल वाजवत आले होते. ज्या भाषेला फ्रँकोच्या स्पेनमध्ये कचेरीत आणि शाळेत बंदी होती, तिच्यातलं गाणं संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात वाजलं, स्पेन त्या संघाचा सभासद असताना.

२२ ऑक्टोबर १९७३ ला सान हुआन इथे ते वारले. फ्रँको त्यानंतर दोन वर्षं जगला. स्पेनमध्ये लोकशाही आल्यावर, १९७९ साली, त्यांचे अवशेष वेंद्रेलला नेले गेले.

आता ऐकण्याबद्दल. मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. माझी सगळी ओळख ध्वनिमुद्रणांतून झाली. सुरुवात ॲबी रोडच्या तिसऱ्या सुइटपासून करा. तिचा प्रेल्यूड वरच्या षड्जापासून दोन सप्तकं खाली, थेट चेलोच्या सगळ्यात जाड तारेपर्यंत उतरतो आणि त्या एका उतरणीत या माणसाच्या सुराचं वजन कळतं. त्यानंतर पाचवी घ्या. ती जून १९३९ मध्ये पॅरिसला मुद्रित झाली, म्हणजे बार्सिलोना पडल्यावर पाच महिन्यांनी. तिच्या साराबांद या संथ नाचाच्या तुकड्यात बाखनं एकही जोडसूर लिहिलेला नाही, सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच उघडी ओळ आहे. तिथे दुःख ओतायला भरपूर वाव होता. कासाल्स यांनी लय ढळू दिलेली नाही, सूर फुगवलेला नाही, जे लिहिलं आहे ते तेवढ्याच नेटानं वाजवलं आहे. दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकलीत तर वाजवणारा आणि न वाजवणारा असे दोन कासाल्स नव्हते, हे माझ्या बोलण्यापेक्षा चांगलं पटेल.